उत्पादन थांबलेली मोटार आणि सवलतीची जाहिरात

गंगापूर तालुक्यात कापसाची वेचणी संपून माल बाजारात गेला, उसाचा पहिला हप्ता बँकेत जमा झाला की अनेक घरांत मोटार घेण्याचा विषय निघतो. वाहन ही या भागाला नवखी वस्तू नव्हे. वाळूजची औद्योगिक वसाहत याच तालुक्यात आहे आणि बजाज ऑटोचा तेथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. कारखान्यातील कामगार, माध्यमिक शाळेतील शिक्षक, दुधाचा किंवा कांद्याचा व्यापार करणारा तरुण अशा सर्वांनाच आज लहान मोटार आवाक्यातील वाटते. पूर्वी खरेदीचा आरंभ सुमारे ४० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या शोरूमपासून होत असे. आता तो घरी बसून, मोबाईलच्या पडद्यापासून होतो.

या पडद्यावर एक विशिष्ट प्रकारची जाहिरात वारंवार दिसते. 'कंपनीने उत्पादन बंद केलेले लोकप्रिय मॉडेल, शेवटच्या मोजक्या गाड्या शिल्लक, दीड लाखांची सूट, आजच नोंदणी करा.' सोबत चकचकीत छायाचित्र आणि एक दूरध्वनी क्रमांक असतो. नोंदणीसाठी पाच-दहा हजार रुपये आगाऊ मागितले जातात. ग्राहक शहरात पोचतो तेव्हा 'ती गाडी कालच गेली' असे सांगून त्याला दुसरी, महाग मोटार दाखवली जाते; किंवा तीच मोटार दाखवली जाते, परंतु ती दोन वर्षांपूर्वी तयार झालेली असते. काही वेळा ती आधीच कोणाच्या तरी नावावर नोंदवलेली निघते. अशा व्यवहारात गुंतणारी रक्कम सर्वसामान्य कुटुंबाची अनेक वर्षांची बचत असते आणि तिच्यावर पाच-सात वर्षे फेडावयाच्या कर्जाचा भार असतो. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्याकडे गावकरी सल्ल्यासाठी येतात. म्हणून या विषयाची नीट माहिती त्यांच्याजवळ असणे अगत्याचे आहे.

साठा का उरतो

जुना साठा विकणे हा मुळात गुन्हा नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. वितरक कारखान्याकडून मोटारी बहुधा कर्ज काढून घेतो. मोटार आवारात उभी राहील तितके दिवस व्याज चढत जाते. नवे मॉडेल आले, कायदा बदलला किंवा कंपनीनेच व्यवसाय आवरला की उरलेल्या मोटारी लवकर काढून टाकणे त्याला भाग पडते. अशा वेळी प्रामाणिकपणे दिलेली सवलत ग्राहकाच्याही फायद्याची असते.

गेल्या काही वर्षांत असे प्रसंग अनेकदा आले. बी.एस.-३ या प्रदूषण मानकाच्या वाहनांची विक्री व नोंदणी १ एप्रिल २०१७ पासून बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी दिला. त्या वेळी देशभर सुमारे ८ लाख २४ हजार वाहने विक्रीवाचून पडून होती. त्यांत मोटारी केवळ १६ हजारांच्या आसपास होत्या आणि दुचाकी सुमारे ६ लाख ७१ हजार होत्या. आदेशानंतरच्या दोन दिवसांत दुचाकींवर हजारो रुपयांची सूट जाहीर झाली आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. त्या दोन दिवसांची आठवण ग्राहकांच्या मनात इतकी ठसली आहे की 'मानक बदलत आहे, म्हणून स्वस्त' हे वाक्य आजही सहज खरे वाटते.

पुढचा टप्पा अधिक गुंतागुंतीचा ठरला. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-४ वाहन विकता अथवा नोंदवता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ रोजी दिला होता. मुदत संपण्याच्या सुमारास टाळेबंदी लागू झाली. २७ मार्च २०२० च्या आदेशाने, दिल्ली परिसर वगळून, उरलेल्या साठ्यापैकी १० टक्के वाहने टाळेबंदी उठल्यावर दहा दिवसांत विकण्याची मुभा मिळाली. ८ जुलै रोजी ती मागे घेण्यात आली. अखेर १३ ऑगस्ट २०२० रोजी, ३१ मार्चपूर्वी विकलेल्या आणि 'वाहन' या संगणकीय प्रणालीवर चढवलेल्या वाहनांच्याच नोंदणीस न्यायालयाने परवानगी दिली, तीही दिल्ली परिसर सोडून. या तारखांमध्ये सापडलेली, नोंदणीविना राहिलेली मोटार कितीही कमी किमतीत मिळाली तरी तिला रस्त्यावर आणता येत नाही.

१ एप्रिल २०२३ रोजी लागू झालेल्या बी.एस.-६ च्या दुसऱ्या टप्प्याचे स्वरूप निराळे होते. ते बंधन नव्या उत्पादनावर होते. त्यामुळे त्या सुमारास बंद झालेल्या अनेक मॉडेलांच्या आधी तयार झालेल्या मोटारी पुढेही कायदेशीरपणे विकल्या गेल्या. शेंद्रा येथील कारखान्यात २००१ पासून जुळणी होत असलेल्या स्कोडा ऑक्टेव्हियाचे येथील उत्पादन याच काळात थांबले. थोडक्यात, 'शिल्लक साठा' हा शब्द दोन अगदी भिन्न वस्तूंना लावला जातो. एक मोटार नोंदवता येते, दुसरी येत नाही. आणि जाहिरातीत हा भेद कधीच लिहिलेला नसतो.

कंपनीने देश सोडल्याचीही उदाहरणे आहेत. जनरल मोटर्सने २०१७ च्या मे महिन्यात शेव्हरोले मोटारींची भारतातील विक्री त्या वर्षअखेर थांबवण्याचे जाहीर केले. पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथील कारखाना पुढे निर्यातीसाठी चालू राहिला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादनही थांबले. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. दोन्ही कंपन्यांनी दुरुस्ती व सुट्या भागांची सेवा चालू ठेवण्याचे आश्वासन दिले होते. परंतु गंगापूरच्या ग्राहकापुढचा प्रश्न सेवा देशात कोठेतरी मिळण्याचा नसतो. बंपर किंवा काच बदलावयाची झाल्यास ती जिल्ह्यात मिळेल का आणि किती दिवसांत, हे त्याने खरेदीपूर्वीच विचारले पाहिजे.

जाहिरातीतील शब्द

दिशाभूल बहुधा उघड खोटे बोलून होत नाही. अर्धे बोलून होते. 'नवी' हा शब्द घ्या. मोटार कोणी वापरलेली नाही, एवढ्या अर्थाने विक्रेता तो वापरतो. ग्राहक मात्र त्याचा अर्थ 'या वर्षी तयार झालेली' असा घेतो. 'मॉडेल २०२५' या शब्दांतही अशीच पळवाट असते. मॉडेल बाजारात आल्याचे वर्ष, कारखान्यात तयार झाल्याचे वर्ष आणि नोंदणीचे वर्ष ही तीन वेगळी वर्षे आहेत. मोटार पुढे विकताना जाणकार गिऱ्हाईक त्यांपैकी दुसरे विचारतो.

'शून्य किलोमीटर' हा शब्दप्रयोग त्याहून अधिक सावधपणे वाचावयास हवा. मुदत संपत आली की काही ठिकाणी उरलेल्या मोटारी वितरकाच्या संस्थेच्या किंवा तिच्या कर्मचाऱ्याच्या नावे नोंदवून घेतल्या जातात आणि नंतर त्या 'न चाललेल्या' म्हणून विकल्या जातात. अशी मोटार घेणारा कागदोपत्री दुसरा मालक ठरतो. कंपनीची हमी सामान्यतः पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणजे तिचे काही महिने आधीच संपलेले असतात. बँकेच्या दृष्टीने ती जुनी मोटार असते आणि जुन्या मोटारीच्या कर्जाचा व्याजदर चढा असतो. हे सर्व आधी सांगून, त्या प्रमाणात किंमत कमी करून व्यवहार झाला तर तक्रारीस जागा नाही. पण ते सांगितले जात नाही.

किमतीचेही तसेच. जाहिरातीत शोरूममधील किंमत असते. तिच्यावर मोटार वाहन कर, विमा, नोंदणी शुल्क, आणि अनेकदा ज्याचा कायद्यात कोठेही आधार नाही असा 'हाताळणी खर्च' चढतो. वैयक्तिक नावावरील १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी कर पडतो. म्हणजे ७ लाखांच्या मोटारीवर केवळ करच ७७ हजार रुपये होतो.

अलीकडे एक नवी युक्ती संभवते, तिचा हिशेब करून पाहणे उद्बोधक ठरेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला व त्यावरील अधिभार गेला. कारखान्याची मूळ किंमत ५ लाख रुपये धरली, तर लहान पेट्रोल मोटारीवर पूर्वी २८ टक्के कर व १ टक्का अधिभार मिळून ती ६ लाख ४५ हजारांस पडे. आता ती ५ लाख ९० हजारांस पडते. जुनी ६ लाख ४५ हजारांची किंमत खोडून त्याखाली '५५ हजारांची भव्य सूट' असे छापले, तर विक्रेत्याने खिशातून एक रुपयाही दिलेला नसतो. शासनाने कमी केलेला कर तो स्वतःची सवलत म्हणून मिरवीत असतो.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद शहरातील उद्योजक व व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्याची चर्चा देशभर झाली. त्या खरेदीविषयी मते काहीही असोत, तीत ग्राहकांनी एकजुटीने कंपनीशी व बँकेशी घासाघीस केली होती. रात्री अकरा वाजता मोबाईलवर 'शेवटच्या दोन गाड्या' वाचणारा ग्राहक अगदी एकटा असतो, आणि घाईचा शब्द त्याच्यासाठीच लिहिलेला असतो.

गोव्यातील एक प्रकरण

या विषयावरील सर्वांत बोधप्रद निकाल गोव्यातील एका खरेदीतून निघाला. तेथील एका ग्राहकाने २०११ मध्ये टाटा कंपनीच्या एका मोटारीसाठी वितरकाकडे पूर्ण रक्कम भरली. आपल्याला त्याच वर्षीची मोटार मिळणार, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात पुढे आलेली मोटार २००९ मध्ये तयार झालेली होती, ती सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली होती, खालच्या भागाला गंज चढला होता आणि अंगावर ओरखडे होते. ग्राहकाने ती नाकारून जिल्हा ग्राहक मंचाकडे धाव घेतली. मंचाने वितरक व उत्पादक अशा दोघांनाही जबाबदार धरले. राज्य आयोग व राष्ट्रीय आयोग यांनीही तेच मत कायम केले.

उत्पादक कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की उत्पादक व वितरक यांचे नाते स्वतंत्र व्यापाऱ्यांमधील खरेदी-विक्रीचे असल्यामुळे, आणि वितरकाच्या कृत्याची उत्पादकास माहिती होती असे सिद्ध झालेले नसल्यामुळे, उत्पादकावर जबाबदारी टाकता येत नाही. वितरकाची जबाबदारी मात्र तशीच राहिली.

या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. 'एवढी मोठी कंपनी आहे, ती थोडीच फसवणार' या भरवशावर ग्राहक पैसे भरतो. परंतु जुनी मोटार नवी म्हणून गळ्यात मारली गेल्यास कंपनीचे नाव आपोआप पाठीशी उभे राहत नाही. मोटारीचे उत्पादन-वर्ष, चासी क्रमांक व अंतिम किंमत ज्याने पैसे घेतले त्या वितरकाकडूनच, त्याच्या शिक्क्यानिशी लिहून घ्यावी लागतात. आणि जाहिरातीतील दूरध्वनी क्रमांकामागे अधिकृत वितरक आहे की केवळ मध्यस्थ, हे त्याही आधी पाहावे लागते. नवी मोटार विकणाऱ्याजवळ परिवहन खात्याचे व्यवसाय प्रमाणपत्र असावे लागते. नोंदणी झालेल्या जुन्या मोटारींचा व्यापार करणाऱ्यांनाही १ एप्रिल २०२३ पासून प्राधिकारपत्र आवश्यक झाले आहे. दोहोंपैकी काहीही दाखवता न येणाऱ्यास आगाऊ रक्कम देण्याचे कारण नाही.

वर्ष कसे ओळखावे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना २१ म्हणजे विक्रीचे प्रमाणपत्र. त्यात चासी व इंजिन क्रमांकाबरोबर उत्पादनाचा महिना व वर्ष लिहावे लागते. नमुना २२ हे उत्पादकाचे प्रमाणपत्र असून त्यावरून मोटार कोणत्या प्रदूषण मानकाची आहे हे कळते. उरलेली रक्कम भरण्यापूर्वी या दोन कागदांच्या प्रती मागितल्या, तर निम्मे वाद तेथेच मिटतात. विक्रेता 'ते नंतर पोस्टाने येईल' असे म्हणू लागला तर व्यवहार तेथेच थांबवणे शहाणपणाचे. तात्पुरती किंवा कायम नोंदणी झाल्याशिवाय मोटार ग्राहकाच्या ताब्यात देण्यास नियम ४२ ने वितरकास मनाई आहे, हेही त्याला सांगता येईल.

कागदाखेरीज मोटारही बोलते. चासी क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यातील दहावे स्थान बहुधा वर्षाचे असते. त्यासाठी रोमन लिपीतील अक्षरे वापरतात : २०२० साठी 'एल', २०२१ साठी 'एम', २०२२ साठी 'एन', २०२३ साठी 'पी', २०२४ साठी 'आर', २०२५ साठी 'एस'. 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरे शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून वगळली आहेत. महिन्याचे स्थान कंपनीगणिक बदलते, त्यामुळे केवळ अक्षरावर विसंबू नये. दारावरील किंवा बोनेटखालील पट्टीही पाहावी. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा कोरलेला असतो. '२३२२' असेल तर तो टायर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. शाळेतील विद्यार्थ्यांनाही हा आकडा वाचता येतो आणि तो वाचून दाखवण्यात त्यांना मौज वाटते.

विम्याबाबत एक बाब सहसा कोणी सांगत नाही. मोटारीचे विमा-मूल्य ठरवताना वयानुसार घसारा धरतात. पहिल्या सहा महिन्यांत तो ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीन वर्षांपर्यंत ३० टक्के असा वाढत जातो. परंतु ज्या मॉडेलचे उत्पादनच थांबले आहे, त्याला हे कोष्टक लागू होत नाही. त्याचे मूल्य विमा कंपनी व ग्राहक यांच्या आपसांतील संमतीने ठरते. म्हणून उत्पादन थांबलेली मोटार घेताना विमापत्रावर लिहिलेली रक्कम खरेदीच्या दिवशीच वाचली पाहिजे. ती कमी लिहिली गेली आणि मोटार चोरीस गेली किंवा अपघातात पार निकामी झाली, तर भरपाई त्या कमी रकमेपुरतीच मिळते. बँकेचा हप्ता मात्र पूर्वीइतकाच राहतो.

दाद कोठे मागावी

जुनी वस्तू नवी म्हणून विकणे, तसेच ज्या किमतीस विकण्याचा हेतूच नाही ती किंमत जाहिरातीत देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा म्हणून १९८४ मध्ये मक्तेदारी प्रतिबंधक कायद्यात आणल्या गेल्या. पुढे ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ आणि आज लागू असलेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यांतही त्या कायम आहेत. महाराष्ट्रात १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हा यांपैकी कोणताच आधार हाताशी नव्हता. ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी 'आमिषाच्या जाहिरातीं'वर स्वतंत्र अटी घातल्या : जाहीर केलेल्या किमतीस माल देण्याची वाजवी शक्यता असली पाहिजे आणि साठा मर्यादित असल्यास तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या सूचनांनी, एक वस्तू दाखवून दुसरी देणे, खोटी घाई निर्माण करणे आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे या ऑनलाइन व्यवहारांतील तिन्ही प्रकारांना नावानिशी मनाई केली.

ग्राहकाने प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असलेली प्रकरणे तेथे चालतात. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये व २० लाखांपर्यंत ४०० रुपये आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. महत्त्वाची सोय अशी की ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडेही ती करता येते. पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याने फसवले तरी गंगापूरच्या माणसाला तेथे हेलपाटे घालण्याची गरज नाही. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागू शकतो, हे तक्रारदारास आधीच सांगितलेले बरे. जेथे मोटारही नाही आणि विक्रेताही नाही, केवळ आगाऊ रक्कम लाटण्यासाठीच जाहिरात दिली होती, तेथे ग्राहक आयोगाची वाट न पाहता १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. पैसे पुढच्या खात्यात वळते होण्यापूर्वी गोठवता आले तरच ते परत मिळण्याची शक्यता असते.

शासकीय अधिकाऱ्यांनी कायद्यातील कलम १६ विशेष लक्षात ठेवावे. खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींमुळे ग्राहकांच्या समूहाच्या हक्कांचा भंग होत असल्याची तक्रार आल्यास जिल्हाधिकारी चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास अहवाल पाठवू शकतात. प्राधिकरणाला जाहिरात थांबवण्याचा आदेश देण्याचा आणि उत्पादकास किंवा जाहिरातीत शिफारस करणाऱ्यास पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे. कलमातील 'समूह' हा शब्द येथे मोलाचा आहे. लासूर स्टेशनचा एक, वाळूजचे दोन आणि गंगापूरचा एक अशा चार ग्राहकांनी एकाच जाहिरातीविषयी वेगवेगळी कुरबुर केली तर ती कोठेच पोचत नाही. ग्रामसेवकाने किंवा मुख्याध्यापकाने त्यांचे अर्ज एकत्र करावेत, प्रत्येकासोबत जाहिरातीचे तारीख-वेळेसह घेतलेले छायाचित्र, आगाऊ रकमेची पावती व विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद जोडावा आणि ते जिल्हाधिकारी कार्यालयात एकाच टपालात दाखल करून पोच घ्यावी.